गार्डची आतली बाजू

१

लेथचं बटण बंद केल्यापासून चक पूर्ण थांबेपर्यंत चौदा सेकंद जायचे. नवी मोटर बसवली त्याच दिवशी मी ते मोजून ठेवलं, कारण मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. पस्तीस वर्षं मी तराजू दुरुस्त केले. किराणावाल्यांचे, सोनारांचे, औषधांच्या दुकानांचे. काटा कुठे थांबतो आणि थांबायला किती वेळ घेतो, यावर माझं घर चाललं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी खोड गेलेली नाही. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतरही मी मोजतो, आणि बायको असेपर्यंत ती त्यावरून माझी यथेच्छ टिंगल करायची.

लेथ माझा नव्हे, माझ्या दादाचा. टेबलावर मावेल एवढा, हौसेचा. पितळेचा किंवा लोखंडाचा तुकडा चकमध्ये, म्हणजे पुढच्या फिरत्या पकडीत, घट्ट धरायचा आणि तो फिरत असताना धारदार हत्याराने सोलत न्यायचा, एवढंच त्याचं काम. दादा कारखान्यात दिवसभर हेच करायचा आणि घरी येऊन मागच्या खोलीत पुन्हा हेच करायचा. वहिनी म्हणायच्या की हलवाई घरी येऊन पेढे वळत बसत नाही, तुमचंच काहीतरी वेगळं.

गेल्या वर्षी दादा गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. वर्ष उलटल्यावर वहिनींनी मला बोलावलं आणि चहा पुढे ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, ते मशीन मला चालवता येईल असं करून द्या."

मी विचारलं, कशाला. त्या उठल्या आणि बुद्धिबळाची पेटी घेऊन आल्या. पितळेच्या आणि लोखंडाच्या सोंगट्या दादाने एकेक करून बनवल्या होत्या. सगळ्या मिळून एकोणतीस. पितळेची तीन प्यादी राहिली होती, आणि त्यांच्या जागी शर्टाची तीन बटणं होती. कित्येक वर्षं दोघं नवरा-बायको ती बटणं पटावर ठेवून खेळत होते. वहिनींना ती तीन प्यादी स्वतःच्या हाताने करायची होती. दादाचं काम त्यांनी इतकी वर्षं शेजारी स्टुलावर बसून पाहिलं होतं, त्यामुळे हत्यार कसं धरायचं हे त्यांना माझ्यापेक्षा बरं कळत होतं. त्यांना भीती होती ती फक्त मोटरची.

ती भीती कशाची होती, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

२

जुन्या मोटरचा कपॅसिटर, म्हणजे तिला सुरुवातीचा धक्का देणारा भाग, खचला होता. बटण दाबलं की ती नुसती घुमायची, फिरायची नाही. तिला जरासा झटका द्यावा लागे, मग ती पळायची. पट्टा आणि पुली यांच्यावर पत्र्याचं एक झाकण होतं, त्याला दादा गार्ड म्हणायचा. त्या गार्डला त्याने करंगळीएवढं भोक पाडलं होतं. त्यातून लाकडी काडी घालायची, पुलीला ढकलायचं, मोटर सुरू. नवा कपॅसिटर आणायचा म्हणून तो रोज म्हणत होता, आणि काडीने काम भागत असल्यामुळे रोज विसरत होता.

बावीस वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मला एका सोनाराच्या काट्याची पिन करायची होती. दादा बाहेर गेला होता. काडीची मला सवय नव्हती, म्हणून मी गार्डचे चार स्क्रू काढून तो बाजूला ठेवला आणि पुलीला हातानेच झटके देत पिन केली. स्क्रू एका बशीत टाकले. उद्या येऊन लावू म्हणून घरी गेलो.

सोमवारी सकाळी दादाने बटण दाबलं. मोटर घुमली. समोर पुली उघडी होती आणि काडी हाताशी नव्हती. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं पट्ट्याने पुलीखाली ओढून नेली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, कारखान्याच्या साहेबांनी विचारलं. दादाने सगळ्यांना एकच सांगितलं, गार्ड मीच काढला होता. ते सांगताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

त्यानंतर बावीस वर्षं मी त्या घरी जेवलो, गप्पा मारल्या, त्याच्या डाव्या हाताच्या कामाचं कौतुक केलं. ते एक वाक्य मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता सांगायचा माणूसच गेला. वहिनींना तरी सांगायला हवं होतं, पण तेही जिवावर येत होतं.

म्हणून मी कामच असं करायचं ठरवलं की कुणाचं बोट त्या पुलीजवळ जाणारच नाही. हातांनी प्रायश्चित्त घेतलं की तोंडाने घ्यावं लागत नाही, असा माझा हिशोब होता.

३

तीन आठवडे मी मागच्या खोलीत रमलो. खोली लहान आहे. एका बाजूला कपडे धुवायचं मशीन, दुसऱ्या बाजूला लेथचं टेबल, मध्ये एक स्टूल. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसते आणि सकाळी दहा ते बारा तिच्यावरचं ऊन परतून खोलीत येतं. मी तेवढेच दोन तास काम करायचो.

जुनी मोटर काढली आणि नवी बसवली. वेग कमी-जास्त करायला कंट्रोलरचा डबा लावला. त्याला हिरवं बटण, लाल बटण आणि मोटर अडली तर पेटणारा लाल दिवा. साधा पट्टा जाऊन दातेरी पट्टा आला. नवी मोटर बटण दाबताच मुकाट्याने फिरायची. झटका नाही, काडी नाही.

सगळ्यात जास्त जीव मी ओतला तो गार्डमध्ये. जाड पत्रा वाकवून, कडा कानसेने घासून, एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला चार स्क्रू, असा तो केला. त्याच्या कडेला एक बारीक स्विच बसवला. गार्ड उघडला की स्विच सुटतो आणि मोटरला वीज जात नाही. बाहेरून गार्डला राखाडी रंग दिला आणि आतून झगझगीत पिवळा. गार्ड उघडा राहिला तर तो पिवळा रंग दारातूनही दिसावा, म्हणून. चांगल्या कारखान्यांत असंच करतात.

वहिनींना मी हे सगळं दाखवलं. गार्ड उघडून हिरवं बटण दाबलं, मशीन ढिम्म. "उघडं असताना हे चालूच होत नाही," मी दोनदा सांगितलं. त्यांनी ते बटण स्वतः दाबून पाहिलं. मग गार्ड लावून त्यांनी पितळेचा पहिला तुकडा सोलला. कीस टेबलावर पडायला लागला तेव्हा त्यांनी पदराने चष्मा पुसला.

बंद केल्यावर मी मोजलं. चौदा सेकंद.

४

चौथ्या दिवशी नऊच सेकंद भरले.

मला आधी वाटलं, माझं मोजणं चुकलं. मी घड्याळ लावून पुन्हा मोजलं. नऊ. पाचव्या दिवशी पाच. आणि थांबण्याची तऱ्हाही वेगळी होती. बेअरिंग कोरडं असेल तर चक कुरकुरत थांबतो. पट्टा घासत असेल तर हिसके देतो. हे तसं नव्हतं. झोके घेणाऱ्या पाळण्याला आईने हात लावावा, तसा तो अलगद थांबत होता.

मी बेअरिंगला तेल दिलं. पट्टा सैल केला, मग ताणला. पुली काढून परत बसवली. मोटर सुटी करून फिरवली, ती लोण्यासारखी फिरली. सगळं जागेवर लावून गार्ड बंद केला, मशीन चालवलं आणि बंद केलं. पाच सेकंद.

मोटर विकणारा आणि दुरुस्त करणारा एकच आहे, कोपऱ्यावर दुकान आहे त्याचं. मी त्याला घरी घेऊन आलो. त्याच्यासमोर मशीनने चौदा सेकंद घेतले. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा चौदा.

"काका, रिटायर होऊन किती झालं?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं."

"तरीच," तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

वहिनींनाही मी मोजायला सांगितलं. त्या एकट्या काम करत तेव्हाही चौदाच भरत. पाच सेकंद होत ते फक्त मी एकटा असताना. मनात पाल चुकचुकली, पण मी तिच्याकडे कानाडोळा केला. माझ्या हातात घड्याळ होतं आणि घड्याळावर माझा विश्वास होता. जे मोजता येतं त्याला कारण असतं, एवढंच मी स्वतःला सांगत राहिलो.

५

सहाव्या दिवशी मी आतून पाहायचं ठरवलं. चार स्क्रू काढून गार्ड उघडला. नवा पट्टा घासून रबराची काळी भुकटी थोडी सांडली होती, ती सांडायचीच. पण पिवळ्या रंगावर, पुलीच्या बरोबर वरच्या जागी, त्या भुकटीचे दोन डाग होते. शेजारी शेजारी, लांबट, एक जरा मोठा.

माझेच असणार. बसवताना हात लागला असेल. मी ओल्या फडक्याने ते पुसले आणि गार्ड लावला. मशीन पाच मिनिटं चालवलं, बंद केलं, उघडून पाहिलं. डाग परत होते, त्याच जागी.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. तराजू तपासून झाला की त्याला तारेने बांधून शिशाचं सील मारतात. सील न तोडता आतल्या काट्याला कुणी हात लावू शकत नाही. सील दाबायचा चिमटा माझ्याकडे अजून होता. दुसऱ्या दिवशी मी आतली बाजू आरशासारखी स्वच्छ पुसली, गार्ड बंद केला, स्क्रूंच्या डोक्यांना बारीक भोकं पाडून त्यांतून तार ओवली आणि सील दाबलं. मशीन चालवलं. बंद केलं. पाच सेकंद.

सील जसंच्या तसं होतं. तार कापून गार्ड उघडला. आत दोन डाग होते. मी भिंग लावून पाहिले. एकाच्या टोकाला बारीक वळणाच्या रेषा होत्या, आणि त्यांना तिरका छेद देणारी एक कोरी रेघ. तशी रेघ मी ओळखत होतो. दादाच्या अंगठ्याशेजारच्या बोटावर लहानपणी विळीचा घाव बसला होता, त्याची ती खूण. ते बोट जाऊन बावीस वर्षं झाली होती.

मी भिंग खाली ठेवलं. खोलीत ऊन होतं, कपड्यांचं मशीन पलीकडे संथपणे खळबळत होतं, स्वयंपाकघरात वहिनी रेडिओ ऐकत होत्या. मला पळून जावंसं वाटलं नाही. डोकं शांतपणे विचार करत होतं. माणूस घाबरला की त्याला ओळखीच्या खुणा दिसतात, हे मला ठाऊक होतं. रबराच्या भुकटीत कुणाला काय दिसेल याचा नेम नाही. मी डाग पुसले आणि वहिनींना काही बोललो नाही. न बोलण्याचा माझा सराव दांडगा होता.

६

उरला एकच उपाय, गार्ड उघडा ठेवून मशीन चालवायचं आणि पुलीकडे पाहत राहायचं. पण उघड्या गार्डने मशीन चालू होत नाही, ती व्यवस्था मीच केलेली. मग मी तेच केलं जे आमच्यासारखी स्वतःला जाणती समजणारी माणसं करतात. स्विच बोटाने दाबला आणि त्यावर चिकटपट्टी लावली. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता.

मशीन चालवलं. पुली फिरताना दिसत होती, पट्टा धावत होता. बंद केलं. चौदा सेकंद. पुन्हा चौदा. पाच वेळा चौदा. उघड्यावर काहीच नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी एकटाच हसलो. मोटरवाला खरं बोलला होता, मला काम नसल्यामुळे हे सगळं सुचत होतं.

तेवढ्यात बेल वाजली. विजेचं मीटर वाचणारा आला होता आणि मीटरच्या पेटीची किल्ली सापडत नव्हती. मी ती शोधली, पेटी उघडून दिली, तो आकडा लिहून घेईपर्यंत उभा राहिलो, आणि माझ्या सवयीप्रमाणे त्याने लिहिलेला आकडा बरोबर आहे का तेही पाहिलं. सात-आठ मिनिटं गेली असतील.

परत येताना बोळातूनच मला पिवळा रंग दिसला.

गार्ड उघडा होता. वहिनी मशीनसमोर वाकल्या होत्या. चकमध्ये पितळेचा तुकडा लावलेला होता, हिरवं बटण पेटलं होतं, आणि मोटर घुमत होती. बावीस वर्षांनी तो आवाज मी ऐकत होतो, नव्या मोटरमधून. लाल दिवाही पेटला होता. मोटर पूर्ण जोर लावत होती आणि पुली जागची हलत नव्हती. वहिनींचा उजवा हात तिच्याकडे निघाला होता, बोटं पुढे करून. चार-पाच इंचांचं अंतर राहिलं होतं.

प्लग दाराजवळ होता. मी तो ओढून काढला.

घुमणं थांबलं. वहिनी माझ्याकडे वळल्या, त्यामुळे पुलीकडे त्यांची पाठ झाली. मी मात्र पाहत होतो. पुलीवरून वळणाऱ्या पट्ट्याच्या पाठीवर दोन खळगे पडले होते. शेजारी शेजारी, लांबट. कुणीतरी दोन बोटांनी तो दाबून धरावा तसे. मी पाहत असताना आधी एक खळगा वर आला. मग, सावकाश, दुसरा. पुली पकड सुटल्यासारखी किंचित मागे फिरली आणि थांबली.

"काय झालं?" वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात ना, उघडं असलं की वीज जात नाही. बटण सवयीने दाबलं गेलं, पण मला वाटलं नुसता डबा घुमतोय. पट्टा अडकलाय का, बघत होते."

मी स्विचवरची चिकटपट्टी ओरबाडून काढली. ती बोटांना चिकटून बसली आणि सुटेना. शेवटी वहिनींनीच ती सोडवली आणि मला स्टुलावर बसवलं.

७

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशी गार्ड मी काढला होता. दादाने नाही."

चिकटपट्टीची गोळी करून त्यांनी ती टेबलावर ठेवली. मग दुसऱ्या स्टुलाअभावी कपड्यांच्या मशीनला टेकून उभ्या राहिल्या.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवायला येणार असलात की हे सकाळीच म्हणायचे, आज सांगेल बहुतेक. तुम्ही गेलात की म्हणायचे, जाऊ दे, पुढच्या वेळी."

मी विचारलं, मग त्याने मला कधी विचारलं का नाही.

"विचारून वदवून घेतलेलं त्यांना नको होतं."

मी रडलो. साठीच्या पुढचा माणूस, कीस पडलेल्या टेबलावर डोकं ठेवून. वहिनींनी रेडिओ बंद केला आणि चहा टाकला.

तीन प्यादी नऊ दिवसांत झाली. पहिलं जरा जाड आहे, तिसरं दादाच्या प्याद्यांशेजारी ठेवलं तर ओळखू येत नाही. बटणं वहिनींनी त्याच्या शर्टांना परत शिवून टाकली. आता आम्ही दोघं आठवड्यातून एकदा खेळतो आणि मी बहुतेक हरतो. मशीन थांबायला चौदा सेकंद घेतं, मी एकटा असलो तरी. मोटरचं बेअरिंग नवीन होतं, ते आता रुळलं असेल. असं होतं कधीकधी.

एक गोष्ट मात्र माझ्या मापात बसत नाही. त्या सकाळी पुली धरली गेली ती वहिनींचा हात वाचावा म्हणून, की घुमण्याचा आवाज ऐकून कुणीतरी आत हात घालावा म्हणून? मी दोन्ही बाजूंनी तोलून पाहतो आणि काटा मध्येच राहतो. दादाला मी ओळखत होतो. त्या दोन बोटांना मी ओळखत नाही. त्यांनी बावीस वर्षं त्याच्याशिवाय काढली आहेत.

म्हणून पट्ट्याची सफाई मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. आधी प्लग काढून खिडकीत ठेवतो, मग गार्ड उघडतो, भुकटी पुसतो. पिवळ्या रंगावर डाग नसतात. बंद करण्याआधी मी अंगठ्याशेजारची दोन बोटं पट्ट्याच्या पाठीवर टेकवून पाहतो. रबर गार असतं.

परवा वहिनी बहिणीकडे गेल्या होत्या आणि मशीन दोन दिवस बंद होतं. मी प्लग काढला, गार्ड उघडला, बोटं टेकवली. सगळा पट्टा गार होता, फक्त माझ्या बोटांखालच्या दोन जागा पहिल्या स्पर्शालाच कोमट होत्या. मी हात काढला नाही. चौदापर्यंत मोजलं, आणि मग गार्ड लावून चारही स्क्रू घट्ट केले.